टाचेचा गिअर

"सर, टाचेचा गिअर आता फक्त दूधवाल्यांच्या गाड्यांना येतो. टूरिंगच्या गाडीला तो शोभत नाही."

हे मला एका शोरूममधल्या पोरानं ऐकवलं. पोरगं तसं चांगलं होतं. गळ्यात टाय, तोंडात साखर. नर्मदेच्या परिक्रमेला मोटारसायकलवरून जायचं बऱ्याच वर्षांपासून मनात होतं, म्हणून मी जरा मोठी गाडी बघायला गेलो होतो. गाडी आवडली, सीट आवडली, हप्त्याचंही जमत होतं. वर बसलो, डावा पाय फूटरेस्टवर ठेवला आणि सवयीनं टाच मागं टेकवायला गेलो, तर तिथं काहीच नाही. टाच हवेत. म्हणून विचारलं, "मागचा दांडा कुठाय?" त्यावर हे उत्तर.

मी गाडी न घेताच परत आलो. बायको म्हणाली, "एवढ्याशा लोखंडासाठी?"

होय, एवढ्याशा लोखंडासाठी. आणि ते एवढंसं का नाही, हे सांगायलाच लिहायला बसलोय.

ज्यांनी कधी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायानं टाकतात. जुन्या बुलेटला तो उजव्या पायाला असायचा, पण ती गोष्ट वेगळी. काही गाड्यांना गिअरचा दांडा फक्त पुढं असतो. तो चवड्यानं खाली दाबायचा, नाहीतर चवडा त्याच्याखाली घालून वर उचलायचा. दुसऱ्या प्रकारात तोच दांडा मागंही लांबवलेला असतो, तराजूच्या दांडीसारखा. पुढचं टोक चवड्यानं दाबलं की एकीकडं गिअर पडतो, मागचं टोक टाचेनं दाबलं की दुसरीकडं. शिंप्याच्या मशीनचं पायडल ज्यानं बघितलंय त्याला जास्त सांगायला नको.

आता दोन्हींतला फरक बघा. नुसत्या चवड्याच्या गाडीत निम्मे गिअर दाबून पडतात आणि निम्मे उचलून. टाचेच्या गाडीत उचलणं नाहीच, सगळे दाबून. भांडण आहे ते एवढ्यावरच. माणसाचा पाय दाबायला घडलाय. कुदळीनं खणताना, खोऱ्याला रेटा देताना, उसाच्या सरीला दार धरताना आपण पाय दाबतोच. अख्ख्या अंगाचा भार त्यामागं असतो. पायाच्या बोटांच्या वरच्या बाजूनं लोखंड उचलायचं काम मात्र गाडी आल्यावरच माणसाच्या नशिबी आलं. त्यासाठी बूट लागतो, आणि बुटातलं बोट धड लागतं. आमच्याकडं या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत.

बूट असला तरी काय होतं ते मास्तर लोकांना विचारा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. मीटिंगला केंद्रावर जमलो की कोण गाडीवरून आला आणि कोण एसटीनं, हे डाव्या बुटावरून कळतं. अंगठ्याच्या वर गिअर घासून घासून एक डाग पडलेला असतो. पॉलिश लावा, काही करा, जात नाही. आमच्यातल्या एकानं मुलगी बघायला जाताना चहा होईपर्यंत डाव्या पायावर उजवा पाय ठेवून तो डाग झाकला होता. चांभार त्या जागी रबराचा तुकडा चिकटवून देतो, तोही वर्षभरात उडतो. कातड्याच्या बुटाची ही गत, मग चपलेतल्या उघड्या पायाची काय होत असेल? बोटाच्या बुडाशी आधी लाल होतं, मग सोलतं, मग घट्टा पडतो. मला आता साखर निघालीय. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं, पायाला जखम होऊ द्यायची नाही, झाली तर कळायचीही नाही आणि भरायचीही नाही. अशा माणसानं शंभर मैलांच्या वाटेवर बोटानं लोखंड उचलत बसायचं, आणि ते का? तर शोभतं म्हणून.

पण मी हे सगळं शहाणपण जन्मतः घेऊन आलो नाही. उलट टाचेच्या गिअरची लाज वाटणारा पहिला माणूस आमच्या घरात मीच.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं. पाऊस पडला तर पडला. आण्णांनी, म्हणजे वडलांनी, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायचं काम केलं होतं. तिथं एक धोंडा डाव्या पायावर आला. अंगठा चेचला. नख गेलं, ते परत आलं ते वाकडंच. सांधा असा आखडला की अंगठा खाली दाबता यायचा, पण वर म्हणून व्हायचा नाही. पुढं जनावरं झाली, दूध झालं. १९९७ साली त्यांनी कर्ज काढून स्प्लेंडर घेतली. दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरच्या किटल्या अडकवून पहाटे डेअरीला निघायचे. आमच्याबरोबर शेजारच्या दोन घरांचंही दूध असायचं.

त्या गाडीचे चारही गिअर पुढं चवड्यानं दाबून पडायचे आणि गिअर कमी करायचा तो टाचेनं. आण्णांच्या पायाला मुद्दाम मापं घेऊन केल्यासारखी गाडी. त्यांनी गाडी घेतली तेव्हा बाकी काही विचारलं नव्हतं. नुसतं शोरूममध्ये बसून पाय पुढं-मागं करून बघितला आणि म्हणाले, "जमतंय."

मी तेव्हा कॉलेजला होतो. आठवड्यातून एखाद्या वेळी गाडी मला मिळायची. पोरं गेटवर उभी असायची. कुणाकडं यामाहा, कुणाकडं मामाची बुलेट. आमची गाडी आली की एकजण हमखास म्हणायचा, "आलं बघ दूध." मी किटल्यांचे हूक काढून ठेवायचो, तरी ते म्हणायचेच. त्यांचं म्हणणं, टाच मारत गिअर टाकायचा म्हणजे गावठी. चवड्यानं उचलून टाकतो तो खरा रायडर.

एका रविवारी मित्राच्या गॅरेजमध्ये आम्ही दांड्याचा मागचा भाग करवतीच्या पात्यानं कापला. कानसीनं घासला. वर काळा रंग मारला. पंधरा मिनिटांचं काम. संध्याकाळी घरी येताना बूट घालून चवड्यानं गिअर उचलत आलो आणि मला फार मोठा झाल्यासारखं वाटलं. आण्णांना सांगितलं नाही. त्यांच्या अंगठ्याचा विचारच मनात आला नाही. खोटं कशाला बोलू, खरंच आला नाही.

पहाटे चारला लाईट नव्हती. आण्णांनी अंधारातच किटल्या अडकवल्या, गाडी काढली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे चवड्यानं दाबून पडले. काही वेगळं वाटायचं कारणच नव्हतं. गावाबाहेर अर्ध्या कोसावर ओढ्याचा उतार आहे. तिथं गिअर कमी करायला त्यांनी टाच मारली. टाच गेली ती हवेत, आणि पाय फूटरेस्टवरनं सुटला. गाडी चौथ्यात, वर चाळीस लिटर दूध, खाली बारीक खडी. ब्रेक दाबला तशी गाडी आडवी झाली.

ढोपर सोलवटलं, घोटा सुजला, एवढ्यावर निभावलं. दूध मात्र सगळं ओढ्यात गेलं. डेअरीचा पगार दहा दिवसांनी व्हायचा. त्या पगारातून आण्णांनी शेजारच्या दोन्ही घरांचं त्या दिवशीचं दूध भरून दिलं. कुणी मागितलं नव्हतं, तरी दिलं.

मी धावत गेलो तेव्हा ते ओढ्याच्या कडेला बसले होते. मला म्हणाले, "गिअरचा दांडा मोडला बघ पडताना. माझ्याच टाचंचा दणका लागला आसंल." मी गप्प बसलो.

दुपारी गाडी ढकलत म्हसवडला वेल्डिंगवाल्याकडं नेली. त्यानं दांडा खोलून हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आण्णा, ह्यो मोडल्याला न्हाई. कापल्याला हाय. कानस मारलीया की हितं."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग त्याला म्हणाले, "जोड. म्हंजी झालं."

त्यानं सळईचा तुकडा वाकवून जोडून दिला, आण्णांनी त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. त्या विषयावर ते पुढं बारा वर्षं जगले तरी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी दोन मुस्काटात दिल्या असत्या तर मी कदाचित हे विसरूनही गेलो असतो.

त्यामुळं शोरूममधलं पोरगं 'दूधवाल्यांचा गिअर' म्हणालं तेव्हा मला राग आला तो त्याचा कमी आणि माझाच जास्त.

आता टूरिंगचं बोलू. कारण त्याचा मुद्दा असा होता की लांबच्या प्रवासाला हा गिअर चालत नाही. त्याच सळईच्या दांड्यावर मी बायकोला मागं घेऊन अष्टविनायक केले. शास्त्राचा क्रम सोडला आणि सोयीचा रस्ता धरला. मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, मग माळशेज उतरून महड आणि पाली. आपल्या लोकांची टूर म्हणजे बहुतेक वेळा यात्राच असते. आठ गणपती म्हणजे आठ वेळा पायताण काढायचं आणि आठ वेळा घालायचं. त्यात घोट्याच्या वरपर्यंत नाडीचे बूट कोण घालणार? नर्मदेचं तर विचारूच नका. तिथं घाटाघाटाला उतरायचं, पाण्यात पाय बुडवायचे, देवळात जायचं, परत गाडीवर बसायचं. माणूस चपलेवरच असतो. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून उतरल्यावर पाय लटपटत असताना पुढच्या घाटात बोटानं गिअर उचलून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते.

याच माळशेज घाटात, धबधब्याजवळच्या टपरीवर पुण्याकडची चार-पाच पोरं भेटली. उंच गाड्या, गुडघ्याला पॅड, सगळं साग्रसंगीत. एकजण माझ्या गाडीकडं बघून म्हणाला, "काका, अजून टाचेचा गिअर?" मग चहावर अर्धा तास वाद झाला. पोरं समजूतदार होती. त्यांचे मुद्दे मी इथं प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते सगळेच खोटे नाहीत.

एक, त्यांचं म्हणणं, टाच मारायला पाय फूटरेस्टवरनं हलवावा लागतो, चवड्याला हलवावा लागत नाही. खरं आहे. ज्या गाडीत पाय मागं दुमडून बसायचं, तिथं टाचेला दांडा बसवायला जागाच नसते. तसल्या गाडीला तो मागणं वेडेपणा आहे.

दोन, खडकाळ वाटेवर उभं राहून चालवताना टाच चुकून दांड्यावर पडते आणि नको तेव्हा गिअर पडतो. हेही मान्य. डोंगरात उभ्यानं गाडी चालवणाऱ्यानं खुशाल चवड्याची गाडी घ्यावी.

तीन, मोठ्या पायाच्या माणसाचा बूट दोन टोकांच्या मध्ये अडकतो. खरं आहे, पण त्याला इलाज आहे. दांडा गिअरच्या शाफ्टवर दात्यांत बसवलेला असतो. दहाच्या पान्यानं बोल्ट ढिला करायचा, दांडा एक दाता फिरवायचा, परत आवळायचा. दोन मिनिटांत टोकांची उंची बदलते. माझ्या माहितीतल्या दहा गाडीवाल्यांपैकी नऊ जणांनी हे आयुष्यात एकदाही केलेलं नाही.

चार, टाच मारणारा आपटतो आणि गिअरबॉक्सची वाट लावतो. इथं मात्र माझी टाचवाल्यांशीच तक्रार आहे. टाच आपटायची नसते, टेकवून दाबायची असते. शिवाय गिअर टाकून झाला की पाय दांड्यावर ठेवूनच निम्मी माणसं गाडी चालवतात. त्यानं आतले भाग झिजतात. तो दोष पायाचा आहे, त्यासाठी दांड्याला फाशी कशाला?

आणखी एक मुद्दा त्यांच्यातल्याच एकानं काढला, आणि तो सगळ्यात वजनदार होता. स्प्लेंडरसारख्या गाडीत टाचेनं गिअर कमी होतो. पण ज्यात पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असतात, त्या गाड्यांत टाच दाबली की गिअर वाढतो. एकावरून दुसरीवर बसलेला माणूस फसतो. उतारावर गिअर कमी करायला टाच दाबली आणि गिअर वाढला, तर गाडी मोकाट सुटते. हे मी स्वतः पाहुण्याच्या गाडीवर अनुभवलंय. पण हा गोंधळ चवड्याच्या गाडीतही तसाच असतो. एकीत दाबून वाढतो, दुसरीत उचलून वाढतो. परकी गाडी घेतली की आधी सपाट रस्त्यावर दोन-चार गिअर टाकून बघायचे, त्याला दुसरा उपाय नाही.

शेवटी मी त्यांना विचारलं, "जगातल्या सगळ्यात दांडग्या टूरिंगच्या गाड्या कुणाच्या?" एकजण लगेच म्हणाला, "हार्लेच्या." मग बघा म्हटलं. हार्लेच्या रोड किंग, इलेक्ट्रा ग्लाइड या खास लांब पल्ल्याच्या गाड्या. त्यांना फूटरेस्टऐवजी पाय पसरून ठेवायला रुंद पाट असतो. आणि त्यांना कारखान्यातूनच टाचेचा दांडा यायचा, दूधवाल्याचा. पाटावर अख्खा पाय टेकलेला असताना चवडा दांड्याखाली घालणं अवघड, म्हणून वरचे गिअर टाचेनं टाकायची सोय. तिकडंही यावरून भांडणं आहेत. काहीजण पाटावर पाय मोकळा फिरावा म्हणून मागचा दांडा काढून टाकतात, काहीजण त्याशिवाय गाडीच चालवत नाहीत. पण तिथं ज्याला नको तो काढतो. ज्याला हवा त्याला तो मिळतच नाही, असं होत नाही. अमेरिकेतल्या महागड्या गाडीवर तो ऐषआराम ठरतो आणि म्हसवडच्या रस्त्यावर गावठी ठरतो, तर मग आपण नक्की कशाला हसतोय?

आपल्याकडची जुनी बुलेट घ्या. तिला उजव्या बाजूला, गिअरजवळच, न्यूट्रल शोधायचा एक वेगळा छोटा दांडा असायचा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कुठल्याही गिअरमधून तो टाचेनं दाबला की गाडी थेट न्यूट्रल. पहिल्यातून मात्र व्हायची नाही. त्या बुलेटवाल्यांना कुणी कधी दूधवाले म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणजे टाच वापरणं कमीपणाचं नाही. कमीपणा चिकटला तो किटल्यांमुळं. म्हणजे मुळात हसू लोखंडाला नव्हतंच, ते आण्णांसारख्या माणसाला होतं.

आणि मला हेच खुपतं. हळूहळू गाड्यांचा हा दांडा कमी होत चाललाय. स्वस्तातल्या गाडीला ठेवायचा, जरा महागाच्या गाडीला काढायचा, आणि काढला म्हणून ती उच्च दर्जाची म्हणायची. ज्याचा अंगठा आखडलाय, ज्याला साखर आहे, ज्याचे गुडघे बोलतात, जो चपलेवर जगतो, त्यानं लांबच्या प्रवासाची गाडी घ्यायचीच नाही का? आमच्यासारख्यांनी पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा कुठं बाहेर पडायचं असतं. तोवर पोरांची शिक्षणं आणि बोअरचं पाणी. मी चवड्याचा दांडा कुणाचा काढून घ्या म्हणत नाही. दोन्ही टोकं असलेल्या दांड्यावर चवडेवाला चवड्यानं चालवूच शकतो, त्याचं काही अडत नाही. अडतं ते फक्त दुसऱ्याचं.

मला पुढं टाचेचा दांडा असलेली गाडी मिळाली, आणि ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलून ती पुरी करून आलो. मैया उजव्या हाताला आणि गिअर डाव्या टाचेला. बोटाला ओरखडा नाही.

तुम्हाला गाडी घ्यायची असेल तर दोन-तीन गोष्टी करा. शोरूमला जाताना रोज जे पायताण घालता तेच घालून जा. लग्नातले बूट घालून जाऊ नका. बसल्यावर चवडा आणि टाच दोन्ही फिरवून बघा. मागचा दांडा नसेल तर सही करायच्या आधी तो बसवून मिळतो का विचारा. नंतर कुणी दाद देत नाही. आणि वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेणार असाल तर दांडा गाडीवरून खोलून त्याच्या हातात द्या. गाडीवरच वेल्डिंग केलं तर शाफ्टजवळचं ऑईल सील उष्णतेनं जातं, आणि आजच्या गाड्यांची वायरिंगही बिघडते.

आणि कॉलेजातल्या पोरांनो, करवतीचं पातं हातात घ्यायच्या आधी ती गाडी पहाटे कोण चालवतं ते आठवा, आणि त्याला एकदा विचारा.